सत्तावन्न अंडी

तू पहाटेच्या बोटीने आलास.
मी झोपेत होते,
आणि हेलसिंकीतल्या तीन आठवड्यांच्या सिमेंटने
भेगाळलेल्या तुझ्या हातांना
घरातलं एखादं काम हवं होतं.

उठून पाहते तर
ओट्यावर जुना टॉवेल पसरलेला,
त्यावर सत्तावन्न अंडी,
विहिरीच्या गार पाण्यात, भांड्यांच्या साबणाने
एकेक चोळून धुतलेली,
लख्ख.
"बघ," तू म्हणालास, "केवढी घाण होती!"

आयवो, काय बोलू तुला.

अंड्यावर एक साय असते. दिसत नाही.
नुकतं घातलेलं अंडं ओलं असतं,
तळहातावर घेतलं की डोळ्यांदेखत सुकतं
आणि सुकता सुकता
कवचाची हजारो बारीक भोकं लिंपून घेतं.
तेवढीच त्याची कडी, तेवढंच कुलूप.
शिटलेलं असेल तर मी नखाने खरवडते,
लोकरीच्या चिंधीने कोरडंच पुसते.
फारच बरबटलं असेल तर त्याच दिवशी तव्यावर.
पण पाणी नाही. गार पाणी तर नाहीच नाही,
गारठ्याने आतलं सगळं अंग चोरतं
आणि बाहेरचा मळ आत ओढून घेतं.

पलीकडची सालमे म्हणायची,
"ते काय बाळ आहे न्हाऊ घालायला?"

चुन्याची निवळी मी कालच करून ठेवली होती,
तळघरात, मातीच्या बरणीत,
खाली साका, वर काचेसारखं पाणी.
निमुळतं टोक खाली करून एकेक सोडायचं होतं आज.
नोव्हेंबरात या बेटावर दिवस दुपारीच मिटतो,
चारही कोंबड्या तोंड फिरवून बसतात,
तेव्हा बरणीत हात घालायचा
आणि ऑक्टोबर बाहेर काढायचा,
असा माझा हिशोब.
धुतलेलं अंडं त्या बरणीत चालत नाही.
एक नासलं की सगळी बरणी गेली.

आणि तारखा, आयवो.
प्रत्येकावर पेन्सिलने तारीख होती.
तारखेखाली, जागा उरली तर, एखादा शब्द.
"पंपाचा पट्टा."
"कोल्हा, पण कुंपणाबाहेर."
"आईचा फोन, रडली."
एका लहानशा अंड्यावर नुसतं "वारा".
फोनवर तू इतका दमलेला असायचास
की हे सांगायचं राहून जायचं.
तू आलास की एकेक हातात घेऊन सांगणार होते.

साबणाच्या पाण्याबरोबर
ते तीन आठवडे मोरीतून गेले.

मी चिडले. खूप चिडले.
तू टॉवेलच्या कडेशी उभा,
हातात अजून ओलं अंडं,
आणि तुझ्या बोटांच्या भेगांतून
साबणाने झोंबलेलं लाल मांस दिसत होतं.

मग आपण खात सुटलो.
बारा उकडून लोण्यात कुस्करली, वर शेपू,
काळ्या पावावर थापून थापून.
दहा केकमध्ये.
वीस टोपलीत घालून तू गावभर वाटलीस,
"आजच खा" असं दारोदार बजावत,
आणि लोकांना वाटलं आमच्याकडे काहीतरी शुभ घडलंय.
उरलेली फ्रिजमध्ये, आठवड्याभरासाठी.
खाताना तू प्रत्येक घासाला विचारत होतास,
"यावर काय होतं?"
आठवेल ते मी सांगितलं.
आठवेना तिथे रचलं.
कोल्हा दोनदा आला,
पट्टा तीनदा तुटला,
वाऱ्याचं मात्र काहीच सांगता येईना,
तो दिवसभर होता, एवढंच.

संध्याकाळी सौनाची लाकडं आणायला गेलास
आणि रिकाम्या हाताने परतलास.
रिकाम्या नाही.
पेंढ्यामागे दडलेलं एक अंडं,
शिटेचा डाग, चिकटलेलं तपकिरी पीस.
नळापासून ते लांब धरून
तू दारातच थांबलास.

"हे कधीचं?"
मला माहीत नाही, मी म्हटलं.
खरंच माहीत नव्हतं.