शिकलगारांची स्लाइड

रात्रपाळी. सीपीआरच्या लॅबमधली ट्यूबलाइट
अजून लुकलुकते, तक्रार लिहून झाली दोनदा.
काचेवर एक थेंब, दुसऱ्या काचेनं ओढलेला,
वाळवून, जांभळा रंग देऊन धुतलेला.
दिलावर शिकलगार, वय एकावन्न, यादवनगर.
हिमोग्लोबिन पाच पूर्णांक दोन.

भिंगाखाली तांबड्या पेशी:
मधे पांढऱ्या, कडेला तेवढी लालसर रेघ,
शाई संपत आल्यावर कारकुनानं
मारत राहिलेल्या शिक्क्यांसारख्या.

मघाशी सुई टोचताना विचारलं, काम काय करता?
"मोल्डर. उद्यमनगरात. तीस वर्सं."
म्हटलं, काका, रक्तात लोखंड कमी आहे.
तर हसले, खोकला येईपर्यंत हसले.
"ताई, जन्मभर लोखंडच ओतलं की हो,
टनानं ओतलं.
माझ्या वाट्याचं कुठं सांडलं म्हणायचं?"

सबंध देहात मिळून तीन-चार ग्रॅम.
एक खिळा होईल. फोटो टांगण्यापुरता.

सांगायचं राहिलं त्यांना
की हाडातही एक फौंड्री असते, सुट्टी नसलेली,
सेकंदाला वीस लाख नग.
तिथली पेशी दारातून बाहेर पडण्याआधी
स्वतःचं केंद्रक टाकून देते,
जागा हवी असते आत, प्राणवायूच्या ओझ्याला.
मग तिला ना वंश ना दुरुस्ती.
एकशेवीस दिवस, मिनिटाला जवळपास एक फेरी,
आपल्याहून अरुंद वाटांतून
अंग दुमडून.
दुमडता येईना झालं की वय झालं.
पाणथरीच्या चाळणीत अडकते, तिथंच मोडतात तिला,
लोखंड वेचून पुन्हा भट्टीकडे,
उरलेलं पिवळं होऊन पित्तात.
(मुका मार लागल्यावर निळ्याचा पिवळा होत गेलेला डाग
तुम्ही पाहिला असेल पायावर. तीच मोडतोड.)

भंगार वाया जात नाही. तुमच्याकडे नाही, आतही नाही.
मग गळतंय कुठं?
बहुतेक पोटात. कंबरेसाठी घेतलेल्या गोळ्या,
उपाशीपोटी, कोण जाणे किती वर्षं.
ते उद्या डॉक्टर दुर्बीण घालून बघतील.
मी फक्त मोजते.

पांढऱ्या मोजते. बऱ्याचशा दिवसभराच्या सोबती,
लढून पू होणाऱ्या.
एक मात्र गोल, गडद, गप्प बसलेली;
हिला कदाचित आठवत असेल
लहानपणी आलेला गोवर,
जो शिकलगारांच्या आईलाही आता आठवणार नाही.
प्लेटलेट जास्तच. नुसता चुरा,
दहा दिवसांचं आयुष्य,
कुठलंतरी भोक बुजवायला निघालेला.

साडेतीनला बाहेर आले. बाकावर शमशादभाभी.
"माझं घ्या की. मी देतो. लागंल तेवढं देतो."
गट जुळत नव्हता.
त्यांच्याही पापणीच्या आत फिकटच होतं,
ते मी बोलले नाही.

पिशवी मिळाली ती कुठल्याशा तालमीच्या शिबिरातली,
फुटबॉलच्या सामन्याआधी पोरांनी दिलेली.
चार अंशांवर गारठलेल्या तिच्यात
देताना कालच्या जन्मलेल्याही होत्या, शंभरी ओलांडलेल्याही,
कुणी कुणाला वय विचारत नव्हतं.

थेंब सुरू झाला.
शिकलगार झोपेत उजवा हात हलवत होते,
हळूहळू, एका लयीत,
साच्यातली वाळू दाबल्यासारखा.