नावापुरतं गाव

संपादकांनी मला मोजपट्टी दिलीय:
जनगणनेत आकडा हवा, नाहीतर सरकारी ठराव,
नाहीतर निदान टपाल कचेरीचा शिक्का.
एक जरी असलं तरी गावाला स्वतंत्र नोंद.
काहीच नसलं तर शेजारच्या मोठ्या नोंदीच्या पोटात ढकलायचं,
एखाद्या वाक्यावर बोळवण करून.

अक्त्योबेमधल्या या चौथ्या मजल्यावर,
हीटरवर वाळत टाकलेल्या मोज्यांशेजारी,
मी जिल्ह्यातली गावं चाळते आहे
जोंधळा पाखडावा तशी.

झाना-एगिन. अर्थ: नवं पीक.
ठराव आहे, बासष्ट सालचा, गोल शिक्क्यानिशी.
चाळीस घरांचा आराखडा, त्यात सिनेमागृहसुद्धा.
फाट्यावर पाटी रंगवून झाली
आणि मग कुणीतरी माती चाखली.
मीठ.
ट्रॅक्टर आल्या वाटेनं परत गेले.
ठराव रद्द करायचं तेवढं राहून गेलं.
म्हणून झाना-एगिन आहे, अजून आहे,
एक चूलही न पेटता आहे.
मी त्याला अकरा ओळी दिल्या.

मग क्रॉसिंग नंबर सत्तेचाळीस.
तीन घरं, एक सिग्नल, स्तेपमधून आलेले दोन रूळ
इथं चार होतात, आणि पुढं पुन्हा दोन.
ठराव नाही. शिक्का नाही.
आकडा जवळच्या स्टेशनात मिसळलेला, दुधातल्या पाण्यासारखा.

नोव्हेंबरात फॉर्म घेऊन गेले.
दामेश झेंडी काखेत धरून पीठ मळत होती.
स्थापना?
‘पाण्याचा डबा यायला लागला ते वर्ष.’
लोकसंख्या?
‘अकरा. मार्चमध्ये बारा.’
सून चहा आणायला उठून गेली.
मुख्य उद्योग?
‘गाड्यांना वाट देणं.’
उल्लेखनीय व्यक्ती?
तिनं हात पुसले.
‘अख्मेदियार. माझा दीर.
रुळाला तडा गेला त्या रात्री
अंगातला लाल शर्ट काढून गाडीसमोर धावला,
उणे तीसमध्ये.
गाडी थांबली.
तो आठवड्यानं गेला, छातीत पाणी होऊन.’
मी विचारलं, विचारावंच लागतं:
कुठं छापून आलं होतं का?
तिला प्रश्न कळला नसावा.
‘शर्ट आहे,’ म्हणाली,
आणि पेटी उघडायला लागली.

फॉर्ममध्ये शर्टासाठी रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं. मग खोडलं.
मग खोडलेलं वाचता येईल इतपत ठेवलं.

बायमुरातोवांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं.
‘छान आहे. पण आपण कोश काढतोय, हजेरीपट नव्हे.
उद्या एकेक विहीर दार वाजवत येईल.’
माणूस वाईट नाही.
त्यांच्या आईचं गाव धरणाखाली गेलं.
पहिल्या आवृत्तीत त्याची नोंद होती,
दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी
त्यांनीच ती काढली, नियमाप्रमाणे,
आणि त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी नेला.
हे मला टंकलेखन करणाऱ्या झुल्फियानं सांगितलं,
यालाही छापील आधार नाही.

मुद्रितं आली. मी रेल्वेच्या फोनवरून
सत्तेचाळीस मागितलं.
वारा आधी बोलला, मग दामेश.
‘किती ओळी?’
दोन. रेल्वेमार्गाच्या नोंदीत, शेवटी.
‘अख्मेदियार?’
नाही.
ती काही बोलली नाही. कुठंतरी बाळ रडत होतं;
मी मनात बारा मोजले.
‘आणि त्या खारट झाना-एगिनला?’
अकरा.
‘तिथं कोण राहतं?’
कुणी नाही.
ती हसली, अगदी मनापासून,
माझी चूक नसल्यासारखी.
‘मग वाचणार कोण तिथं?
बरं, ठेवते. मालगाडी येतेय,
झेंडी घेऊन उभं राहायचंय.’