उघरं

आई हाक मारायची, कोकियाऽ.
शाळेच्या दाखल्यावर कोकिळा.
घणसोलीच्या गावठाणात खोली घेतली तेव्हा
घरमालकीण धर्मीबाय म्हणाली,
"कोकिला, भारं पाच तारखंला दे गो."
तिन्ही नावांना मी ओ देते.

पहिल्या वर्षी भाजीवालीकडे भेदरं मागितली.
ती म्हणाली, तसलं काही नसतं आपल्याकडं.
तिच्या पुढ्यात लालभडक ढीग.
मी बोट दाखवलं.
पुढे कितीतरी दिवस बोटावरच भागवलं.

कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये, नोंदणीच्या काचेआड,
मॅडम हळूच म्हणाल्या,
मले-तुले नको, पेशंट हसतात.
त्या रात्री मोरीतल्या आरशासमोर घोकलं :
रिपोर्ट उद्या मिळेल. उपाशीपोटी या. मला सांगा.
मला. मला. मला.
हट्टी पोरासारखं ऐकू यायचं.

सहाव्या वर्षी गॅसवाल्याला जिन्यातून ओरडून सांगितलं,
"दार उघरंच हाय, ठेव आत!"
उघरं.
सिलिंडर आत गेला,
मी पायरीवरच, तोंडावर हात ठेवून.
कुणी शिकवलं नव्हतं.
धर्मीबायसोबत ओटीवर बसून मावरं साफ करताना
कधीतरी लागलं असेल,
बोटांना वास लागतो तसं.

दिग्रसहून देवानंदचा फोन आला.
मी म्हणाले, "कसा आहेस रे?"
तो गप्प.
मग, "कोन बोलून रायलं? कोकियाले द्या जरा."
गंमतच केली त्यानं. मी हसले, तोही हसला.
त्यानंतर बराच वेळ
त्याच्या घरातला पंखा तेवढा ऐकू येत होता.
आई गेल्यापासून कोकिया म्हणणारा तो एकटाच,
आणि त्यानं ती मलाच मागितली.

काल धर्मीबायचा नातू सायकलवरून पडला.
तिनं त्याला मांडीवर घेतलं,
गुडघ्यावर फुंकर घातली :
"माय वं! कायले ररतस रे?"

मी दोरीवरचे कपडे काढत होते.
एक चिमटा हातातच राहिला.
माय वं माझं. कायले माझं. ररतस तिचं.
त्यातलं रे कुणाचं, ते ठरवता येईना.
पोरगं मात्र थांबलं रडायचं.

मी तिला काही बोलले नाही.
सांगितलं असतं,
तर तिनं सुधारून घेतलं असतं.