तीनदा फोन केला, उचलला नाही

कामाच्या कागदावर तेवढंच होतं:
तीनदा फोन केला, उचलला नाही. रद्द.
त्याच्या वर मार्चमधली नोंद, तीही तशीच,
त्याच्या वर गेल्या वर्षीची.
आणि कुणाचा तरी शेरा: ग्राहकाला गरज दिसत नाही.

त्या दिवशी मी गॅलिसियाच्या त्याच डोंगरावर होतो,
दवाखान्याची लाइन जोडून लवकर मोकळा झालेलो.
शेवटचा खांब त्या अंगणापासून चाळीस पावलांवर.
म्हटलं, जाता जाता बघावं.

दार वाजवलं. पुन्हा वाजवलं.
कुत्रं आलं, माझ्याकडे बघून आत पळालं
आणि एका बाईला एप्रनला धरून घेऊन आलं.
सत्तरीची असेल. बोटांना चेस्टनटच्या सालीचे डाग.
मी सुरूच केलं, कंपनी, फायबर, सहाशे एमबी,
तिने माझ्या ओठांकडे जरा वेळ पाहिलं,
मग कानाला बोट लावून ते हलवलं.
तेव्हा कळलं,
तो फोन कुठल्या घरात वाजत होता.

भिंत ग्रॅनाइटची. हातभर म्हणावं तर त्याहून जाड.
बाहेरून ड्रिल घातलं, निम्म्यावर बिट संपला.
आता आतून, अंदाजाने;
दोन भोकं दगडाच्या पोटात भेटली तर भेटली,
नाहीतर दिवस गेला.
आत आलो, टेप लावून मापं घेतली, खडूने खूण केली.
खुणेपासून चार बोटं डावीकडे
कोळशाची एक फुली आधीच होती.
मी बाहेर दगड फोडत होतो तेव्हा
ती आत भिंतीवर तळहात टेकून उभी होती म्हणे.
माझा टेप नवा आहे, जर्मन.
मी फुलीवर ड्रिल लावलं.
आरपार.

केबल सोलली. आतली काच केसाहून बारीक.
चेस्टनटची टोपली सरकवून स्वयंपाकाच्या टेबलावरच
दोन टोकं समोरासमोर धरली, मध्ये ठिणगी, एक झाली.
काचेचे तुकडे चिकटपट्टीवर वेचत
मी अनवाणी पाय, काटा, रक्त, असं काहीबाही नाटक केलं.
ती हसली. डोक्यावरचा एक पांढरा केस उपटला,
चिमटीत धरला, आणि चिमूट झटकन उघडली.
फायबरला त्या घरात तेव्हा शब्द मिळाला.

मग माझ्याच कामाच्या कागदामागे तिने लिहिलं:
बहीण एरुंदिना, मोंतेविदेओला. तीही माझ्यासारखीच.
आमच्या खुणा घरच्या आहेत, शाळेतल्या नाहीत.
जुन्या लाइनवर तिचे हात अर्ध्यातच थिजतात.
एकदा "मेली" वर थिजले. चाळीस मिनिटं.
मी काळा स्वेटर काढून ठेवला.
कोंबडी मेली होती.

राउटरचा तिसरा दिवा हिरवा झाला.
पलीकडे दुपारची जेवणं चालली असावीत,
कुणीतरी काटा खाली ठेवला, आणि हात आले.
पूर्ण हात, बोटांच्या पेरांसकट, अंगठीसकट.
दोघी एकदमच बोलत सुटल्या,
कुणी कुणाला थांबेना.
खोलीत फ्रिजची घरघर तेवढी, आणि टेबलावर आदळणारं मनगट.
एवढा गोंगाट मी कुठल्याच घरात पाहिला नाही.
मध्येच दोसिंदाने मला ओढून पडद्यासमोर धरलं,
दोन तर्जन्या दुरून आणून एकमेकींना टेकवल्या.
ते माझं नाव होतं की भोकांची हकीकत, विचारलं नाही.

खाली व्हॅनमध्ये बसून फॉर्म भरला.
कंपनी उद्या फोन करून दहापैकी गुण विचारणार,
ते सक्तीचं आहे, खोडता येत नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
भिंत एक्क्याण्णव सेंटिमीटर. ग्राहकाने मदत केली.
खिशात गरम चेस्टनट, सहा.

कुत्र्याचं नाव विचारायचं राहिलं.
कुठल्या बोटांत असेल ते.