प्राप्तिस्थान

सिंधरोटला मही अजून नदीच असते,
पण गावातले तिला आधीच महीसागर म्हणतात,
समुद्र कितीतरी कोस पुढे असताना.
ताराबेन पढियार सांगते, तिच्या सासूच्या वेळी
भरती इथवर यायची,
भांडी विसळता विसळता पाणी खारट व्हायचं.
मी बोट बुडवून चाखलं.
खारट नाही. जराशी पत्र्याची चव आहे,
पलीकडे धुराडी आहेत.

बडोद्याहून स्कूटरवर पाऊण तास, शेवटी कोतरांतून उतरत.
डिकीत थर्मास, गळ्यात दुर्बीण.
तिच्या उजव्या भिंगाला बुरशी,
म्हणून माझ्या वहीतले सगळे पक्षी
डाव्या डोळ्याने पाहिलेले.
आज शेकाट्या अकरा,
नदीसुरय सहा, एकाच्या चोचीत चांदीची वळवळ,
तुतवार एक, सारखी शेपूट हलवत हो-हो म्हणणारी.
धोबी गेले. चैत्र लागला.

आणि कापडी पिशवीत, वाळूतून वेचलेलं:
दोन शिंपले, एकाची बिजागरी अजून शाबूत,
विटेचा तुकडा, नदीने साबणासारखा झिजवलेला,
कुणाच्या तरी नवसाच्या चुनरीची जर,
बाहुलीचा कोपरापर्यंतचा हात,
एक कवडी.
ती कुणाच्या गळ्यातून तुटली,
की खरंच खालून उलट्या पाण्याने चढत आली,
हे मी ठरवत नाही.

तीस वर्षं मी संग्रहालयात लेबलं लिहिली.
बोरू, काळी शाई, बोटाएवढ्या पट्ट्या.
नाव. तारीख. प्राप्तिस्थान.
कधी न पाहिलेल्या किनाऱ्यांचे शंख
माझ्या हातांनी कुशीवर वळवले.
शेवटच्या कपाटात, कापसावर, अंडी होती,
टोकाला सुईचं भोक पाडून फुंकलेली.
दर दिवाळीआधी मऊ ब्रशने झाडायची, श्वास धरून.
एकदा शिंक आली,
तर बगळ्याचं अंडं आपण होऊन घरंगळलं.
टिटवीची चार होती. हातावर घेतली
तर घेतल्यासारखी वाटत नसत.

सकाळी सातला महीचे सगळे खडे गार असतात.
एक उचलला. मातकट, त्यावर काळ्या शाईचे शिंतोडे,
बरा आहे, म्हटलं, कागदांवर ठेवायला होईल,
आणि तो गरम होता.

आधी हाताला कळलं. मग डोक्यावर
आभाळ टरकावत कोणी ओरडलं, टिटिवटिव, टिटिवटिव,
आणि दुसरी पुढ्यात वाळूवर
पंख मोडल्याचं सोंग करत सरपटू लागली.
जड होता. काठोकाठ भरलेला,
हिंदकळेल अशा भीतीने मी मनगट हलवलं नाही.
कसं नाही ओळखू आलं?
ते लेबल माझ्याच अक्षरातलं.

पायाशी ओंजळभर खळगी, भोवती बारीक खड्यांचा काठ,
तिघं टोकं आत करून बसलेली.
चौथ्याचं टोक कुठे होतं, आठवेना.
ठेवलं. फिरवलं. पुन्हा फिरवलं.
हात ओढणीला पुसला, का कोण जाणे.

"मास्तरबेन, पाछळ! पाछळ!"
काकडीच्या वाफ्यातून ताराबेन धावत आली.
तिला बारा दिवसांपासून ठाऊक होतं.
पाण्याची चर तिने म्हणूनच वळवलेली,
वेली म्हणूनच तिथून आखडत्या घेतलेल्या.
मी येताना पाहिलं होतं ते वाकण.
वाटलं, बाईचा हात तिरका चालतो.

"यंदा फार खाली घातलीत," ती म्हणाली,
"पाऊस कमीच,"
आणि काकडीचा भाव सांगावा तशी गप्प झाली.
आम्ही लांब जाऊन बसलो, पाठ करून.
चहा झाला. मग तिने पुडी सोडून काकडीला मीठ लावलं.
समुद्राचं म्हणावं असं
त्या सकाळी तेवढंच.

घरी पिशवी बाल्कनीत पालथी केली.
बाहुलीचा हात शिंपल्यात पडला, मी हलवला नाही.
वहीत लिहिलं: टिटवी, दोन.
मग बराच वेळाने, पेन्सिलीने,
अधिक चार.
बहुधा.