इनासबाबचं मीटर

हळदोण्यात माझ्याकडे तीनशे बारा मीटर आहेत.
घरं मला आकड्यांनी ठाऊक:
कुणाचा फ्रीज म्हातारा झालाय,
कुणाचा मुलगा लंडनहून येऊन एसीत झोपलाय,
कुठे महिनाभर एकच बल्ब.

इनासबाब बोटीवरून कायमचा उतरला
तेव्हापासून नव्वदच्या वर कधी गेला नाही.
जुलैत दोनशे साठ.
मी पदराने काच पुसली. पुन्हा वाचलं. दोनशे साठच.
"पाव्हणे आलेत?"
"एक आलीय," म्हणाला, आणि दार लोटलं.
सुक्या बांगड्यांचा धूर दाराखालून बाहेर आला,
आणि त्या धुराच्याही खाली आणखी काहीतरी,
लिंबाची साल चुरगळून ओल्या मातीत पुरल्यासारखं.

ऑगस्टात त्यानेच आत नेलं.
लिबेराताचं कपाट. ती स्विंडनला, लेकीकडे, नातवंडांत;
मिसेला जायचे तिचे फ्रॉक पलंगावर घडी करून ठेवलेले.
त्याने दार उघडलं आणि आत दुपार होती.
अशी की मला डोळ्यांवर मशीन आडवं धरावं लागलं.
रंगाच्या जुन्या डब्यात गुडघाभर झाड,
कोपऱ्यात छोटा पंखा.

"ही रात्रीची वाट बघत नाही, बाय,"
आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा तो बोलत होता.
"बाकीच्या बघतात. रात्र लांबली की मग कळी धरतात.
हिचं कूळ वरचं, थंडीतलं. तिथे उन्हाळा दोन बोटं.
वाट बघत बसली ती बर्फाखाली गेली.
म्हणून ही दिवस मोजते. स्वतःचे."

उत्तरेच्या कुठल्याशा बंदरात, रुळांच्या कडेला,
कोळशाच्या चिखलात उभी असलेली
हिची पणजी त्याने पाहिली होती.
"पणजी म्हणजे आपली नव्हे, हां. हिची."
आपल्याच विनोदावर तो खोकेपर्यंत हसला.

कळ्यांवर पांढरे केस. बारीक, ओलसर.
"पिकले की तांबूस होतात."
आम्ही दोघांनी एकदम एकमेकांच्या डोक्याकडे पाहिलं.
मी मेंदी लावते. तो लावत नाही.

मशीनमध्ये शेऱ्यासाठी खाना असतो.
घर बंद. मीटर बंद. कुत्रा.
कपाटातल्या दुपारीसाठी काही नाही.
सरकारी नोकरी, पेन्शनला अकरा वर्षं,
बोट थोडा वेळ तसंच राहिलं.
मग दाबलं: निरंक.

त्या रात्री झोप आली नाही.
माझी बदली, म्हापशाचं ते स्थळ, दोनदा हुकलेली बढती,
सगळं कुणाची तरी रात्र लांबायची वाट बघत राहिलेलं.
जाऊ दे. झाडाकडून काय शिकायचं.
झाडाला भाऊ नसतात.

सप्टेंबरात चवथ झाली, पाऊस हटेना.
आमच्या माटोळीवरची कांगलां काळी पडली.
इनासबाब घड्याळजीची काच डोळ्याला लावून कळीशी बसलेला.
"अजून काच आहे. दूध व्हायला हवं."
मग सर्वांत थोराड, सर्वांत देखणी कळी
त्याने बोटांनी उकलून दाखवली.
आत करडी बुरशी. ओल आतून खाते.
लिबेराताच्या शिवणाच्या कात्रीने त्याने ती कापली,
रद्दीत गुंडाळली, पुडी खिशात ठेवली.
का, ते त्यालाही माहीत नसावं.

"ओढणार?" मी विचारलं.
"डॉक्टरने धूर बंद केलाय. सोळात."
"मग?"
तो पंख्याकडे बघत होता.
"तेवीस वर्षं इंजिनरूमच्या भिंतीला पाठ लावून झोपलो.
या घरात इतकी शांतता, बाय, कान दुखतात.
हिच्यासाठी पंखा लावला आणि पहिल्याच रात्री
सकाळपर्यंत झोपलो."

ऑक्टोबर.
बांगड्यांचा धूर नाही, लिंबाची सालही नाही.
फ्रॉक परत कपाटात गेले असावेत.
फुलांचं काय झालं, मी विचारलं नाही,
त्याने चहा विचारला, मी घेतला.

चौऱ्याण्णव युनिट.
नव्वदच्या वरचे ते चार
कपाटाच्या बंद दारातून ऐकू येत होते.