जुनी गिरणी : होडीत बसण्याआधी

रांग पाहून परत फिरू नका.
ती वळणं फार घेते, लांब तेवढी नाही.
पाटीवर पाऊण तास लिहिलाय, ते मालकाचं म्हणणं.
माझं म्हणणं वीस मिनिटं.
द्रोणातले बटाट्याचे काप संपायला तेवढी लागतातच.
त्यावर व्हिनेगर मागून घ्या,
पेनसिल्व्हेनियात न मागणाऱ्याला परगावचा समजतात.

शेवटचं बाक, डावी बाजू.
पुढे बसलं की भिजतो ही अफवा.
पाणी गुडघ्याएवढंसुद्धा नाही,
बुडण्याची भीती घरी ठेवून या.
बाहेरचं ते लाकडी चाक शोभेचं नाही.
चाक पाण्याला ढकलतं, पाणी होडीला,
आणि तुम्हाला कोणीच ढकलत नाही,
दिवसभरात बहुधा पहिल्यांदाच.

पहिल्या वळणावर अस्वल.
एक डोळा पेटतो. दुसऱ्याचा बल्ब
आता कुठे बनतच नाही.
मुलं म्हणतात, डोळा मारतंय.
मी काही बोलत नाही.

मग तळं आणि चांदणं.
ते ड्वेन फेन्स्टरमाखरने रंगवलं,
एरवी तो दूधगाड्यांवर गायी काढायचा.
चंद्र एका बाजूने चौकोनी वाटेल.
त्या रात्री त्याची बायको दवाखान्यात होती,
निरोप आला आणि ब्रश तिथेच पडला.
मुलगी झाली. चंद्र तसाच राहिला.

मग अंधार.
चाळीस सेकंद, मी मोजलेत.
जोडप्यांना एकच सूचना :
अठ्ठाविसाव्या सेकंदाला तळ घासतो, खर्रर्र होतं,
दचकलात तर दात आपटतात.
आमच्याकडे तुटलेल्या दाताची भरपाई नाही.

अंधार संपता संपता उजवीकडे पाहा.
सगळे पुढे पाहतात, कारण पुढे धबधबा वाजतो.
तुम्ही उजवीकडे पाहा.
कोळशाची खाण. तीन पुतळे, तीन कुदळी.
दोघे ताठ उभे,
कुदळ धरलीय झाडूसारखी.
तिसरा गुडघ्यावर आहे.
एक हात दांड्याच्या टोकाला, दुसरा पार वर, लोखंडापाशी,
मान खांद्यात खुपसलेली.

तो तसा नव्हता.

काझिमीर उर्बोनास दर मंगळवारी यायचा,
डोंगरापलीकडची खाण बंद झाली त्या वर्षापासून.
एकटाच. शेवटचं बाक, डावी बाजू.
तिकीट फुकट देऊ केलं, घेतलं नाही.
म्हणाला, लॉरेटा, आत जायचे तेव्हा पैसे मिळायचे,
आता मोजावे लागतात, फरक एवढाच.
धबधब्याकडे त्याने कधी पाहिलं नाही.
अंधारात डोळे मिटायचा की उघडे ठेवायचा,
ते विचारायचं राहिलं.

एकदा उतरताना म्हणाला,
अडीच फुटांच्या थरात उभं राहून कोण खणतं?
मी म्हटलं, प्लास्टरचे आहेत, काझ.
तो म्हणाला, म्हणून काय झालं.

ऑक्टोबरात पाणी सोडून दिलं, होड्या उलथ्या घातल्या,
तेव्हा तो करवत घेऊन आला.
किल्ली माझ्याकडे होती.
मी दार उघडलं आणि बाहेर
कॉफी गार होईपर्यंत उभी राहिले.
एका दिवसात एकच झाला.
उरलेले दोघे वसंतात करू, म्हणाला.
वसंतात खोकला त्याला घराबाहेर पडू देईना.

मालकाला अजून कळलेलं नाही.
हे वाचून कळेल. कळू दे.

धबधबा ठीक आहे. पाणी आहे, पडतं.

बाहेर आलात की लगेच उठू नका,
ऊन डोळ्यांत घुसतं, पाय काठावर अडखळतो.
होडी थांबेल, मी धरून ठेवते.
चष्मे, कवळ्या, एकेकटे बूट
डाव्या खिडकीत मिळतील, आठ दिवसांच्या आत.
मंगळवारी दुपारी गर्दी कमी असते.
शेवटचं बाक मागितलंत
तर थोडं सरकून बसा.